डावी बाजू

पडदा काळा झाला, कंपनीची खूण क्षणभर चमकली, आणि निळा उजेड पसरून सरळ विंडोज सुरू झालं. मधली यादी आलीच नाही. दीपमालाचा उजवा हात बाणाच्या बटणावर होता तो तसाच राहिला. जिना संपला हे न कळून आणखी एक पायरी उतरायला जावं आणि पावलाला एकदम फरशी लागावी, तसं तिला झालं. हा कॉम्प्युटर तिनं स्वतः जुळवला होता. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाली त्या वर्षी, हौसेनं, एकेक भाग आणून. आत दोन सिस्टीम टाकल्या होत्या. विंडोज नवऱ्यासाठी, आनंदसाठी, म्हणजे विजेची बिलं, फोटो आणि बंगळूरच्या लेकीशी व्हिडिओवर बोलणं. लिनक्स फक्त तिचं, नकाशे काढायला. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं एकाखाली एक उमटायची आणि मशीन थोडा वेळ थांबायचं, की बाई, कुठे जायचंय? संसारात इतक्या वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणी तिला विचारला नव्हता, असं ती चेष्टेनं म्हणायची, आणि आनंद म्हणायचा, विचारला असता तर उत्तर द्यायला दहा सेकंद पुरली असती का? आज मशीननं विचारलं नाही. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो मशीनचा नव्हता. यादी आली असेल, असा होता. आली असेल, मलाच दिसली नसेल. कारण ती नावं पडद्याच्या डाव्या बाजूला उमटायची, आणि डावी बाजू जानेवारीपासून तिच्या भरवशाची राहिली नव्हती.

जानेवारीतल्या त्या सकाळी ती ओट्याशी उभी होती. दूध वर येताना तिला दिसत होतं, गॅस बंद करायचा हेही कळत होतं, पण डावा हात दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा कडेला लोंबत होता आणि दूध शांतपणे उतू जात राहिलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी, असं नंतर सांगितलं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला तिनं ताट संपवलं आणि बाजूला सारलं. आनंदनं ताट धरून नुसतं अर्धं फिरवलं. आणि कुठून तरी अर्धी भाकरी आली, वाटीभर वरण आलं, लिंबाची फोड आली. ती त्या ताटाकडे बघत राहिली. जगाचा एवढा मोठा तुकडा कसलाही आवाज न करता निघून गेला होता, आणि तिथे काही कमी आहे याचासुद्धा पत्ता लागला नव्हता. काळोख असता तरी परवडलं असतं, काळोख निदान दिसतो. डॉक्टर म्हणाले होते, "तुमचे डोळे ठणठणीत आहेत. फक्त डावीकडे बघायचं असतं हे मेंदू विसरतो." विसरतो म्हणे. तोफगोळ्याच्या नकाशातली केसाएवढी रेघ जिनं कधी चुकवली नाही, तिचा मेंदू अर्धी भाकरी विसरत होता. मग व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायला लागली. तिनं टेबलाच्या, दाराच्या, पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्ट्या लावल्या. "लाल दिसेपर्यंत मान वळवायची, काकू. लाल दिसलं की समजायचं, आता सगळं आलं." हळूहळू ताट पूर्ण संपायला लागलं. पाय सावरला, हात थोडा सावरला, जीभ जड राहिली. सगळे म्हणत होते, खूप सुधारणा आहे. आणि त्या सुधारणेत तिला वाटेल तितकी माया मिळत होती. गॅसपाशी जायचं नाही. जिना एकटीनं उतरायचा नाही. फोनवर तिचं वाक्य रेंगाळलं की आनंद हलकेच फोन काढून घ्यायचा आणि वाक्य पुरं करायचा. तो वाक्य चांगलंच पुरं करायचा. फक्त ते तिचं नसायचं.

तिनं मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. या वेळी खुर्ची उजवीकडे सरकवून मान पूर्ण डावीकडे वळवली, पडद्याच्या कडेची लाल पट्टी दिसेपर्यंत. काळं, खूण, निळं. यादी नाही. पण मान वळवायला उशीर झाला असेल तर? यादी येऊन गेली असेल तर? स्वयंपाकघरात आनंद कोथिंबीर निवडत होता, मंडईतून सकाळीच आणलेली. त्याला हाक मारून विचारणं सर्वांत सोपं होतं. अहो, जरा बघा हो, इथे काही येतं का. आणि तो म्हणाला असता, अगं, ही काय यादी. मग? मग काय उरलं असतं? तिला कळलं की मशीन बिघडलं असण्याची भीती तिला वाटतच नाहीये. मशीन ठीक असेल, ही भीती आहे. तळहाताला घाम आला होता, फक्त उजव्या; डाव्याची बातमी नेहमीप्रमाणे उशिरा येणार होती. एप्रिलचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. खाली सोसायटीच्या फाटकाशी कोणीतरी कोणाला तरी म्हणत होतं, "गाडी लावायला जागा नाही हे पाटीवर लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा." तिला हसू आलं, आणि हसताना डोकं एकदम मोकळं झालं. ड्रॉइंग ऑफिसात नकाशा तपासायची एक जुनी रीत होती. तीच रेघ तासन्‌तास बघून डोळा मरतो, चूक समोर असून दिसत नाही. अशा वेळी कागद उलटा फिरवायचा. खालची बाजू वर, डावी उजवीकडे. मग चूक आपोआप डोळ्यांत घुसते. तिनं मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला, व्हिडिओ चालू केला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मग मोबाइल हातात घेतला, उलटा धरला, आणि जे टिपलं होतं ते हळूहळू पुढे सरकवत पाहिलं. आता पडद्याची डावी बाजू तिच्या उजव्या हाताला होती, तिच्या स्वतःच्या, शाबूत मुलखात. काळं. उलटी खूण. काळं. मग निळं. तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा. मधे काहीही नव्हतं. एक अक्षर नव्हतं.

नव्हतीच! तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. यादी नव्हतीच. बिघाड मशीनमध्ये होता, तिच्यात नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी तिच्या बाहेर बिघडलं होतं.

"अहो," ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली. उत्साहाच्या भरात जीभ आणखी जड झाली होती. "कॉम्प्युटर बिघडलाय."

आनंदनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आणि वाक्य यांचा मेळ त्याला लागेना. "बरं मग," तो जपून म्हणाला, "त्यात एवढं... बरं. तू बस. मी इंद्रजीतला फोन करतो."

इंद्रजीत म्हणजे कर्वे रस्त्यावरच्या दुकानातला पोरसवदा दुरुस्तीवाला. तो संध्याकाळी आला, उभ्या उभ्याच दोन-चार बटणं दाबली आणि आनंदकडे बघून म्हणाला, "काका, लिनक्स उडालंय. आजकाल कोण वापरतं? फॉरमॅट मारून फ्रेश विंडोज टाकून देतो. मस्त फास्ट होईल."

"माझे..." दीपमाला म्हणाली.

"काकूंचा काही डेटा होता का काका?"

"नकाशे होते तिचे," आनंद म्हणाला. "पण आता काही ती..." आणि थांबला.

"नकाशे *आहेत*," दीपमाला म्हणाली. एकेक अक्षर उचलून ठेवावं तसं. "हात लावायचा नाही."

इंद्रजीतनं हात खरोखरच मागे घेतला. उद्या न्यायला येतो, तोपर्यंत ठरवा, असं म्हणून तो गेला. आनंदनं मग बंगळूरला अक्षताला फोन लावला, अक्षता म्हणाली, "आई, तू प्लीज स्ट्रेस घेऊ नकोस ना. राहू दे तसंच. मी दिवाळीत येते तेव्हा बघते." दिवाळी. लेकीचा आवाज किती गोड होता, आणि किती लांबचा. दीपमालाला वाटलं, मी एका मऊ दुलईत गुंडाळलेली आहे आणि दुलईच्या बाहेर सगळे जण हळू आवाजात माझ्याविषयी निर्णय घेताहेत.

दिवाळीपर्यंत थांबून चालणार नव्हतं. भंडाऱ्याकडे, पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला तिचं माहेर. तिथे वस्तीतल्या लोकांनी मिळून विहार बांधायला घेतला होता, आणि त्याचे नकाशे काढायचं काम धाकट्या भावानं, शिशुपालनं, तिच्याकडे दिलं होतं. तो तिकडे शाळेत मास्तर. बुद्धपौर्णिमेला पाया घालायचा असं ठरलेलं. गेल्या पावसाळ्यापासून ती त्यावर बसली होती. शिशुपालला दाखवायला एक फोटो पाठवला होता तेवढाच; बाकी सगळं त्या कॉम्प्युटरच्या पेटीत, तिच्या लिनक्सच्या बाजूला. इंद्रजीत गेल्यावर थोड्या वेळानं शिशुपालचाच फोन आला. "ताई, तू काई टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "नागपूरचा एक पोरगा हाय, तो नव्यानं काढून देतो म्हनते. त्याच्याजवळ तयार नमुने हायेत. खाली वाचनालय, वर हॉल. तू आराम कर." ती "खाली?" एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यात आनंदनं फोन घेतला होता. "हो हो शिशुपाल, तिला आता ते झेपायचं नाही. बघा तुम्ही."

खाली वाचनालय. ती रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, त्या एका शब्दाशी थांबून राहिली. ती लहान असताना नदी एकदा वस्तीत आली होती. येते तशी नाही. मागून, नाल्यातून, जिथून कोणाला वाटलं नव्हतं तिथून. लोक माळावर पळाले. पाणी उतरल्यावर बाप घरात शिरला आणि त्यानं पत्र्याची पेटी उघडली. पेटीत पुस्तकं होती, त्या घरातली पहिलीच पुस्तकं. बापानं स्वतः चौथीनंतर शाळा सोडलेली, पण दीक्षा घेऊन आला तेव्हा नागपुराहून पुस्तकं विकत घेऊन आला होता आणि दर रविवारी मोठ्यानं वाचायचा. आता त्यांचा चिखलाचा एक ठोकळा झाला होता. बापानं तो ठोकळा उन्हात ठेवला आणि पानं सुटी करायचा प्रयत्न करत दिवसभर बसला. रडला नाही. संध्याकाळी उठून त्यानं कडुनिंबाच्या खोडावर, पाणी जिथवर आलं होतं तिथे, कुऱ्हाडीनं खूण केली. ती खूण तिनं गेल्या दसऱ्याला जाऊन मोजली होती. तिच्या नकाशात वाचनालय वर होतं. जोतं खुणेच्या वर होतं. आणि सगळी इमारतच किंचित तिरकी फिरवलेली होती, नाल्याकडून आलेलं पाणी भिंतीवर न आदळता कडेनं निघून जावं म्हणून. तयार नमुन्यात नदी नसते.

सकाळी आंघोळ करून ती मशीनसमोर बसली. चालू केलं. विंडोज. आणि या वेळी, नजर सवयीनं जाऊन बसायची त्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, तिला तारीख दिसली. कित्येक वर्षं जुनी तारीख, मध्यरात्रीची वेळ. थोड्या वेळानं इंटरनेट जोडलं गेलं आणि तारीख दुरुस्त झाली, पण तिनं पाहिली होती. इंद्रजीतनं नाही पाहिली, आनंदनं नाही पाहिली. ज्याचं लक्ष सगळीकडे असतं त्याला हा कोपरा दिसत नाही. तिला आतून कोणीतरी हलवल्यासारखं झालं. मशीनच्या पोटात एक बटणाएवढा सेल असतो. वीज बंद असताना तारीख आणि सुरुवातीच्या सूचना तोच सांभाळतो. जानेवारीपासून मशीन झाकून ठेवलेलं. सेल संपला, आणि सुरू झाल्यावर पहिल्यांदा कोणाकडे जायचं हे मशीन विसरलं. दुसरं कोणी आहे हेच विसरलं.

"अहो, खाली घड्याळवाल्याकडून एक सेल आणा," ती म्हणाली आणि सेलचा नंबर सांगितला. आनंदला वाटलं तिला भिंतीवरच्या घड्याळाविषयी बोलायचंय. तिनं तसंच वाटू दिलं. तो चप्पल घालून गेला. परत येऊन बघतो तर तिनं पेटी आडवी केली होती आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता.

"अगं, शॉक बसेल! दे इकडे, मी काढतो."

"वायर काढलीय. तुम्ही टॉर्च धरा."

"दीपा, डाव्या हाताला—"

"टॉर्च."

त्यानं टॉर्च धरला. डावा हात पेटीवर नुसता ठेवून द्यायचा, वजनासारखा, काम उजव्यानं. स्क्रू फिरता फिरता एकदा निसटून आत पडला आणि आनंदनं जीभ चावली. तिनं मान वळवून वळवून तो शोधला. लाल पट्टी आत नव्हती. तिनं आपल्याच डाव्या अंगठ्याचं नख खूण म्हणून धरलं आणि नख दिसेपर्यंत बघत गेली, आणि नखाच्या अलीकडेच स्क्रू चमकत होता. जुना सेल निघाला, नवा टक्‌ करून बसला. तो आवाज तिला इतका आवडला की तिनं आनंदकडे पाहून भुवया उडवल्या. त्यानं टॉर्च तिच्या तोंडावर मारला. किती दिवसांनी तो असा वागला होता.

पण यादी आली नाही. तारीख आता टिकत होती, सुरुवातीच्या सूचनांमध्ये मात्र एकच नाव होतं, विंडोज. आनंद म्हणाला, "गेलं असेल का गं खरंच?" तिनं विंडोजमधूनच डिस्कची मांडणी उघडली. तिथे तिचा भाग होता. बिननावाचा, पण अख्खा, तिनं आखून दिला होता तेवढाच रुंद. घर जागेवर होतं. फक्त रस्त्यावरून तिकडे वळायची पाटी पडली होती. ती पाटी पुन्हा उभी करायला ज्या पेनड्राइव्हवरून तिनं लिनक्स टाकलं होतं तो लागणार होता. तो शिवणाच्या डब्यात सापडला. त्यावरून मशीन चालू केलं, काळी खिडकी उघडली, आणि मोबाइलवर एका माहितीच्या पानात दिलेल्या आज्ञा बघत एकेक टाइप करायला लागली.

हे सर्वांत अवघड निघालं. आज्ञा इंग्रजीत, आणि इंग्रजी डावीकडून सुरू होतं. डाव्या टोकाचं अक्षर तिच्या नजरेतून गळायचं. ती टाइप करी, एंटर दाबी, आणि मशीन म्हणे: अशी आज्ञा मला माहीत नाही. तिनं परत वाचलं. बरोबर तर होती. परत दाबलं. माहीत नाही. तिसऱ्यांदा तिनं ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं, तेव्हा कळलं की पहिलं अक्षर तिनं लिहिलंच नव्हतं. ती थांबली. रागानं डोळे भरून येतील असं तिला वाटलं, पण आलं ते दुसरंच काहीतरी. मशीननं तिला काय म्हटलं होतं? काहीच नाही. अरेरे म्हटलं नव्हतं. राहू दे म्हटलं नव्हतं. तिचं अर्धं राहिलेलं वाक्य स्वतःच्या मनानं पुरं करून टाकलं नव्हतं. चूक आहे, एवढंच सांगून ते पुढच्या ओळीवर चौकोनी खूण लुकलुकवत थांबलं होतं. पुन्हा सांग. पन्नासदा चुकली असती तरी ते असंच थांबलं असतं. जानेवारीपासून तिची चूक कोणी चूक म्हणून तिच्या हातात दिली नव्हती. सगळे जण ती तिच्या नकळत पुसून टाकत होते. ड्रॉइंग ऑफिसातले तिचे पहिले साहेब आठवले. नव्या पोरीनं काढलेल्या पहिल्याच नकाशावर त्यांनी लाल पेन्सिलीनं एवढा मोठा गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "हा भाग बनला तर फिरणार कसा?" ती घरी जाऊन रडली होती. आणि दुसऱ्या दिवशी तिनं तो फिरवून दाखवला होता. त्या लाल गोलात एक मान होता. तू करू शकतेस, म्हणून सांगतोय. तिनं उठून डब्यातली लाल पट्टी आणली, मोबाइलच्या डाव्या कडेला लावली, आणि प्रत्येक ओळ लालपासून वाचायला लागली. दुपारी आनंद जेवायला बोलावून गेला. मग परत आला, ताट तिथेच घेऊन आला, आणि शेजारी बसून राहिला. एकदा त्याला तिची चूक आधी दिसली. त्याचा हात पुढे आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. हात मागे गेला. तिनं एंटर दाबलं, मशीननं नाही म्हटलं, तिनं अक्षर शोधलं, परत दाबलं. या वेळी ओळी भराभर वर सरकत गेल्या, आणि शेवटी आलं: काम पूर्ण, एकही चूक नाही.

पेनड्राइव्ह काढून तिनं मशीन पुन्हा चालू केलं. काळं. खूण. आणि सरळ लिनक्स. तिचा करडा पडदा, तिची नकाशांची फाइल कोपऱ्यात. यादीबिदी काही नाही. तिनं फाइल उघडली. जोतं, जिना, वरचं वाचनालय, खिडक्यांच्या रांगा, सगळं रेघेला रेघ हजर. तिचा डावा हात टेबलावर होता तो आपण होऊन उठला आणि पडद्याला टेकला, हे तिला उशिरा कळलं.

"आलं!" आनंद म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आणि माझं?"

"तुमचं काय?"

"माझं विंडोज. ते कुठंय? माझे फोटो... सगळं त्यातच आहे ना गं? तू फॉरमॅट वगैरे..."

त्याचा चेहरा बघून ती खदखदून हसली. जड जिभेचं, वेडंवाकडं, खोलवरून आलेलं हसणं. आता मशीन उलटं झालं होतं. विचारल्याशिवाय तिच्याकडे जात होतं आणि त्याला ओलांडत होतं. "आहे," ती म्हणाली. "तिथेच आहे. फक्त तुम्हाला कोणी विचारत नाहीये. कसं वाटतं?"

आनंद पडद्याकडे बघत म्हणाला, "वाईट वाटतं."

असंच ठेवून द्यावं, असा एक दुष्ट विचार तिच्या मनात येऊन गेला. दिवाळीपर्यंत, अक्षता येईपर्यंत. पण अर्धं ताट कसं दिसतं ते तिला माहीत होतं. तिनं कारण शोधलं. नव्या आवृत्तीत शेजारची सिस्टीम धुंडाळायचं काम आपोआप होत नाही, मुद्दाम सांगावं लागतं. सूचनांच्या फाइलीत एक ओळ बदलायची होती. तिनं बदलली. त्याच फाइलीत, खाली, यादी किती वेळ थांबेल तेही लिहिलेलं होतं: दहा सेकंद. तिनं क्षणभर विचार केला आणि ते काढून टाकून असा आकडा लिहिला की मशीननं आपण होऊन कुठेच जाऊ नये.

यादी आली. काळ्या पडद्यावर, डाव्या बाजूला, दोन नावं एकाखाली एक. तिनं मान वळवली आणि ती सरळ, समोरासमोर पाहिली. दोघंही नुसती बघत बसली. मशीन थांबून होतं. तेवढ्यात इंद्रजीतचा फोन आला, पेटी न्यायला कधी येऊ म्हणून. आनंद म्हणाला, "नको येऊस. झाली दुरुस्त." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही रे, इंजिनिअर बाहेरून नाही आणला. घरातच आहे." मग त्यानं फोन ठेवला नाही, शिशुपालचा नंबर लावला आणि सरळ तिच्या हातात दिला.

त्या आठवड्यातच, सकाळी, ऊन चढायच्या आधी, शिशुपाल वस्तीतल्या माणसांना घेऊन जागेवर उभा होता. दोरी, खुंट्या, टेप आणि चुन्याची फक्की. इकडे कोथरूडमध्ये दीपमाला नकाशा उघडून बसली होती, फोन स्पीकरवर. कडुनिंबापासून सुरू कर, ती म्हणाली. तिकडून कोणीतरी विचारलं, थोडी तिरपी काहून हाय इमारत? शिशुपाल त्याला सांगायला लागला, तर ती म्हणाली, "थांब. मी सांगते." आणि सांगितलं, नाल्याविषयी, पाण्याच्या मागच्या वाटेविषयी, हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत. वाक्य लांबलं. मधे तिची जीभ अडकली आणि फोनवर नुसता वारा ऐकू येत राहिला, कोणी खोकलं, दूर कुठेतरी गाय हंबरली. आनंद दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तोही थांबला. मग वाक्य पुढे गेलं आणि आपल्या शेवटापर्यंत पोचलं. "हव, बरोबर हाय," तिकडून एक म्हातारा आवाज म्हणाला. "पानी तिकडूनच आलतं." पहिली रेघ पडली. मग दुसरी. ती माप सांगायची, माणसं टेप ओढायची, कोणीतरी ओरडायचं, "पकड!", खुंटीवर दगड बसायचा. एवढ्या लांब, तिनं न पाहिलेल्या उन्हात, काळ्या मातीवर पांढऱ्या रेघा तिच्या शब्दाबरोबर पुढे सरकत होत्या. चारी बाजू जुळल्यावर ती म्हणाली, "आता दोन्ही कर्ण मोजा. कोपऱ्यापासून कोपरा. आधी एक, मग दुसरा. सारखे भरले तरच कोपरे काटकोनात." टेप ताणल्याचा आवाज आला. कुजबूज झाली. पुन्हा टेप ताणला. ती खुर्चीत पुढे झुकून बसली होती.

"ताई," शिशुपालचा आवाज चढला होता, आणि त्याच्या मागे माणसं हसत, ओरडत होती, "दोन्ही सारखे भरले! एका सुताचाबी फरक नाई!"

"नसणारच," दीपमाला म्हणाली. "आता खणा."